एका जोडीवर दोन घरं

खांबावर चढलेल्या माणसाला खालून जाणारा प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो, "कधी होईन जी?" तार कुठं तुटली, दोष कशात आहे, वर बसून पाय दुखतात का, हे कोणी विचारत नाही. नोकरीची सगळी वर्षं मी हा प्रश्न वरून ऐकला आणि वरूनच उत्तर दिलं, "होऊन राहिलं." या दोन शब्दांवर तुमची पेन्शन उभी आहे असं माझी बायको म्हणते. अगदीच खोटं नाही ते.

मी टेलिफोन खात्यात लाइनमन होतो. घर लाखनीला आणि काम साकोलीपासून तुमसरपर्यंत, जिथं पाठवतील तिथं. भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा निघाला तेव्हा कार्यालयांतली कपाटं, खुर्च्या आणि साहेब वाटून गेले. जमिनीखालच्या आमच्या केबलला मात्र कोणी हात लावला नाही, कारण ती कुठून कुठं जाते हे धड कुणालाच ठाऊक नव्हतं. पुढं काही वर्षांनी इंटरनेट आलं. तेही त्याच जुन्या तांब्याच्या तारेवरून, आणि बसवायला तोच जुना लाइनमन. आम्हाला भंडाऱ्याला बोलावून थोडं शिकवलं, हातात तारेच्या टोकाला प्लग बसवायचा क्रिंपिंगचा चिमटा दिला आणि सांगितलं, जा, आता तुम्ही ब्रॉडबँडवाले. म्हाताऱ्या बैलाच्या शिंगांना नवा रंग दिला, एवढंच.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. लाखनीला हायवेवर एक टायरवाला होता. तणसाचा, म्हणजे भाताच्या पेंढ्याचा, उंच ट्रक गेला की त्याची तार तुटायची आणि तो दर वेळी मलाच विचारायचा, "तुमी तार वर काहून नाई बांधत?" मी म्हणायचो, ट्रकवाल्याला सांग ना तणस खाली बांध म्हणून. साकोलीला एका कापड दुकानदाराचं नेट रोज दुपारी बंद पडायचं. मी केबल बदलली, मोडेम बदलला, खांबावरचा डबा उघडून पाहिला, काही सापडेना. शेवटी एक दिवस दुपारी जाऊन बसलो. जेवणाची वेळ झाली तशी दुकानदार उठला, मोडेमचं बटण बंद केलं आणि डबा उघडून जेवायला बसला. मी विचारलं, हे काय? तर म्हणाला, "सकाळपासून चालून राहिलं बिचारं. बैलाले नाई सोडत आपन दुपारी? त्यालेबी आराम पाहिजे ना." ही गोष्ट मी कितीतरी वर्षं जिथं जाईन तिथं सांगून लोकांना हसवत असे. आता सांगत नाही. यंत्राला आराम देणाऱ्या माणसावर हसणं मी सोडून दिलं. ते का, तेच लिहायला बसलो आहे.

त्याआधी आमच्या धंद्यातला एक शब्द सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. टेलिफोन एका तारेवर चालत नाही, दोन तारांवर चालतो. त्या दोन तारांना आम्ही 'जोडी' म्हणायचो. एक्स्चेंजमधून जाड केबल निघते, तिच्या पोटात अशा पुष्कळ जोड्या. गावात खांबावर एक डबा असतो, तिथं त्या सुट्या होतात, आणि डब्यातून एकेक जोडी एकेका घरात जाते. डब्यातल्या जोड्या संपल्या की संपल्या. मग तुम्ही आमदाराची चिठ्ठी आणा नाहीतर देव आणा, नवी केबल टाकल्याशिवाय नवं कनेक्शन मिळत नाही. आणि नवी केबल नेहमी 'येऊन राहिली' असते.

तुमसर तालुक्यात, जिथून आंबागडचा डोंगर नजरेला पडतो, असं एक गाव आहे. नाव सांगत नाही. गावात विणकरांची एक गल्ली. पूर्वी तिथं घरोघरी माग होते आणि दिवसभर खटक खटक चालायचं. मी जायला लागलो तेव्हा आवाज बराच विरळ झाला होता. गल्लीच्या शेवटच्या घरी श्रावणजी निखारे यांचा माग अजून चालू होता. त्यांच्या घराला लागून एक भिंत, आणि भिंतीपलीकडे बौद्ध वस्तीतलं पहिलं घर, गजभिये गुरुजींचं. म्हणजे दोन मोहल्ल्यांच्या मधली भिंत म्हणतात, ती या दोन म्हाताऱ्यांची भिंत होती.

गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. श्रावणजींची मुलं त्यांच्याच हाताखाली शिकली. दोघांचं चांगलं होतं. सकाळी भिंतीवरून एकमेकांना पेपर देत, संध्याकाळी भिंतीच्या दोन बाजूंना खाटा टाकून तोंड न बघता गप्पा मारत. गुरुजींचा मुलगा मिलिंद कॅनडात नोकरीला. जाताना बापाला एक लॅपटॉप देऊन गेला होता. तो कपाटातच पडून राहिला, आणि मग त्याची अशी गरज लागली की विचारू नका.

गुरुजींच्या बायकोला, सुमनबाईंना, लकवा मारला. अंग थोडं सावरलं, पण वाचा गेली ती गेली. मोबाइलवर मुलगा "आई, आई" करायचा आणि ही माउली कानाला फोन लावून नुसती रडायची. त्याला पलीकडे काहीच कळायचं नाही. नोकरी नवी, कागद अर्धवट, तिथून निघाला तर परत घेतील की नाही याचा भरवसा नाही. नेटवरून तोंड दिसलं असतं तर हातवाऱ्यांनी तरी बोलणं झालं असतं. म्हणून गुरुजींनी कनेक्शन मागितलं आणि मी डबा उघडून पाहिला. जोडी शिल्लक नव्हती. शेवटची जोडी श्रावणजींच्या घरात गेलेली. त्यांची सून वैशाली लॅपटॉपवर साड्यांच्या काठाची नक्षी काढून नागपूरच्या व्यापाऱ्याला पाठवायची, म्हणून त्यांनी ती आधीच घेतली होती.

गुरुजींना हे सांगायला मला जड गेलं. ते खांबाखाली उभे होते, आणि त्यांनी मला "कधी होईन" असं विचारलंसुद्धा नाही. नुसतं "बरं" म्हणाले. श्रावणजी आपल्या दारात बसून ऐकत होते. ते तिथूनच म्हणाले, "माझ्या घरातून घ्या ना जी! एका विहिरीचं पानी दोन घरं नाई पीत का?"

गुरुजी हसले, पण लगेच नाही हसले. त्या वेळी मला त्याचं काही वाटलं नव्हतं.

एका घरचं कनेक्शन दुसऱ्या घरात देणं आमच्या नियमात बसत नव्हतं. पण नियम करणाऱ्यांनी सुमनबाईंचं तोंड पाहिलं नव्हतं, मी पाहिलं होतं. तेव्हाचा आमचा मोडेम साधा. आजच्यासारखा हवेतून घरभर नेट पसरवणारा नव्हे. तो एका लॅपटॉपला जोडायचा. दुसऱ्या लॅपटॉपलाही नेट पाहिजे असेल तर एक युक्ती होती. मोडेमची वायर पहिल्या लॅपटॉपच्या एका भोकात घालायची, त्याच्या दुसऱ्या भोकातून केबल काढून दुसऱ्या लॅपटॉपला लावायची, आणि पहिल्याच्या सेटिंगमध्ये जाऊन त्याला सांगायचं की बाबा रे, तुझ्याकडं जे येतं ते पुढं जाऊ दे. ती केबलही साधी चालत नसे. आत आठ बारीक रंगीत तारा असतात. लॅपटॉपवरून लॅपटॉपवर जायचं असेल तर एका टोकाला त्यांतल्या काहींचा क्रम उलटा भरावा लागतो, नाहीतर दोघंही बोलतात आणि ऐकत कोणीच नाही. ती केबल मी पायरीवर बसून एका दमात भरली, आणि पहिल्या झटक्यात चालली. सांगायला हरकत नाही, आमच्या उपविभागात तेव्हा हे दुसऱ्या कोणाला येत नव्हतं.

केबल श्रावणजींच्या खिडकीतून निघाली, भिंतीवरून गेली आणि गुरुजींच्या खिडकीतून आत आली. मग मी दोन्ही घरांत जाऊन बजावलं की, पहिला लॅपटॉप चालू असेल तरच दुसऱ्यावर नेट येईल. पहिला बंद तर दुसरा बंद. वैशालीनं लगेच ध्यानात घेतलं. "मी चूल पेटवली का आधी हाच उघडतो, भाऊ. माझी काळजीच नोको." श्रावणजींनीही मान हलवली. लाइनमनला एवढं तरी कळायला पाहिजे की मान हलवणं वेगळं आणि समजणं वेगळं.

गुरुजींनी सुमनबाईंना माझ्यासमोरच समजावलं. शेतकऱ्याची लेक ती. गुरुजी म्हणाले, "हे पाहा, वरच्या बांधीत पानी भरलं तं बांधाच्या खाचेतून खालच्या बांधीत उतरते का नाई? तसंच हे. श्रावणची बांधी वर, आपली खाली." बांधी म्हणजे बांध घातलेला भाताचा वाफा, त्यात वाढलेल्या बाईला आणखी काय सांगायचं? तिनं मान डोलावली. गुरुजी माझ्याकडे बघून हसत म्हणाले, "खालच्या बांधीची आमाले सवय आहे."

मग पडद्यावर मिलिंद दिसला. आपल्याकडची सकाळ म्हणजे त्याच्याकडची रात्र, कामावरून येऊन बसला होता.  सुमनबाईंनी चांगला असलेला हात उचलून तळवा पडद्यावर, पोराच्या गालावर ठेवला. त्यानंही तिकडून तसाच तळवा टेकवला. मी माझी पिशवी भरत होतो, तर समोरचा चिमटा मला दिसेना. नोकरीत अशी सकाळ एखादीच येते.

ते मग रोजचंच झालं. वैशाली चूल पेटवायची, लॅपटॉप उघडायची, आणि भिंतीपलीकडे सुमनबाई अंघोळ करून, केस विंचरून तयार बसलेल्या असायच्या. मी त्या बाजूला गेलो की गुरुजी चहा पाजायचे. "दवाईपेक्षा तुमची वायर कामाची निघाली," म्हणायचे.

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. थोडं श्रावणजींकडून ऐकलं, थोडं वैशालीकडून, आणि जे खरं ऐकायचं होतं ते गुरुजींकडून.

विणकरांच्या घरी खंडेनवमी, म्हणजे दसऱ्याच्या आदला दिवस, फार मोठा. त्या दिवशी माग चालत नाही. माग धुवायचा, धोटा, म्हणजे मागात सूत इकडून तिकडं नेणारं लाकडी हत्यार, काढून पाटावर ठेवायचा, हळदकुंकू, झेंडूची फुलं, नारळ. ज्या हत्यारानं वर्षभर पोट भरलं त्याला त्या दिवशी आराम, आणि दसऱ्यापर्यंत त्याला कोणी हात लावायचा नाही. श्रावणजींनी त्या वर्षी धोट्याशेजारी लॅपटॉपही मांडला. त्यांचंही बरोबरच होतं. माग दिवसाला जेवढा चालायचा त्याहून जास्त ते यंत्र चालायचं, घर त्याच्यावर उभं होतं. वैशाली आदल्या दिवशीच माहेरी साकोलीला गेलेली. ती असती तर एका शब्दात सांगितलं असतं. श्रावणजींनी कोरड्या फडक्यानं लॅपटॉप पुसला, झाकण लावलं, कुंकू लावलं, वर फूल ठेवलं. वायर मात्र काढली नाही. वायर गुरुजींची आहे, तिला धक्का लागायला नको, म्हणून तिच्या कडेकडेनं पुसलं. त्यांच्या हिशेबानं वायर लावलेली आहे म्हणजे पलीकडे नेट जात आहे.

त्याच सकाळी सुमनबाईंचा श्वास लागला. तुमसरचे डॉक्टर येऊन गेले. जाताना गुरुजींना बाहेर घेऊन म्हणाले, कोणाला भेटवायचं असेल तर भेटवून घ्या. भेटवायचा होता तो सातासमुद्रापलीकडे. गुरुजींनी लॅपटॉप उघडला. नेट नव्हतं. बंद करून पुन्हा चालू केला. नव्हतं. मिलिंदला मोबाइलवरून सांगितलं, थांब, आता लागते. तो तिकडं पडद्यासमोर बसून राहिला. गुरुजी उठले आणि श्रावणजींच्या घराकडे निघाले.

त्या दिवशी ते त्या घरात गेले नाहीत. दारापर्यंत गेले आणि परत फिरले.

परत येऊन त्यांनी मोबाइल सुमनबाईंच्या कानाला लावला. मिलिंद बोलत होता, रडत होता. त्या ऐकत होत्या. मग त्यांनी हात उचलला आणि रोजच्यासारखा पडद्यावर ठेवला. पडद्यावर कोणीच नव्हतं. तरी हात काढला नाही. दुपार व्हायच्या आत त्या गेल्या.

रडण्याचा आवाज ऐकून सगळ्यात आधी धावत आले ते श्रावणजी. पूजा तशीच टाकून आले. खांदा दिला, घाटावर उभे राहिले, गुरुजींचा हात सोडला नाही. त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. दसऱ्याला वैशाली माहेराहून परतली. तिनं पाटावर फुलाखाली झाकलेला लॅपटॉप पाहिला आणि सासऱ्याला विचारलं, "बाबा, हा कधीपासून बंद हाये?"

त्यानंतर मला गुरुजींचा फोन आला. "वायर काढून न्या." एवढंच बोलले.

मी आधी श्रावणजींकडे गेलो, कारण वायरचं वरचं टोक तिथं. मला पाहताच म्हातारा उठून उभा राहिला आणि लहान पोरासारखा रडायला लागला. "मी वायरले हात नाई लावला जी. देवाशपथ नाई लावला. मले वाटलं, वायर हाये तं चालू हाये." मी म्हणालो, तुमची चूक नाही, मशीनची रीतच तशी. पण ते माझं ऐकत नव्हते. त्यांना दुसरंच खात होतं. "आवाज काहून नाई देला त्याहीनं? मी घरातच होतो ना! एक हाक मारली असती तं पूजा उचलून बाजूले ठेवली असती मी. नारळ-फूल फेकून देलं असतं. माह्यावर एवढा बी भरोसा नवता का त्याहीचा?"

याचं उत्तर मला पलीकडे, गुरुजींकडे मिळालं. 

गुरुजी सुमनबाईंच्या रिकाम्या खाटेवर बसले होते. मी खिडकीतून येणारी वायर मोकळी करायला घेतली. करता करता सांगितलं की श्रावणजींनी मुद्दाम काही केलं नाही, मशीनला पूजेत ठेवलं, झाकण लावलं म्हणून इकडं बंद झालं. मला वाटलं, ऐकून यांना थोडं हलकं वाटेल.

"मले माहीत आहे," गुरुजी म्हणाले. "दारातून दिसला ना मले तो. पाटावर, फुलाखाली."

मी वायर हातात धरून थांबलो.

"मंग हाक का नाही मारली, गुरुजी? त्यांनी लगेच उघडून दिला असता."

"देला असता," ते म्हणाले. "श्रावण देवमानूस आहे. मागतला असता तं देला असता. तेच तं."

मग खिडकीकडे बघत त्यांनी मला जे सांगितलं ते त्यांच्या घरातही कोणाला ठाऊक नव्हतं. गुरुजींचे वडील विणकरांसाठी धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरून द्यायचे. गुरुजी लहान असताना एका खंडेनवमीला वडिलांनी त्यांच्या हातात कांड्यांची टोपली देऊन श्रावणजींच्या वडिलांकडे पाठवलं. सण असतो, माग बंद असतो, हे पोराला काय ठाऊक? ते पोर धावत गेलं आणि त्या उंबरठ्यावर उभं राहिलं. समोर पूजा मांडलेली. म्हाताऱ्या निखाऱ्यांनी त्याला पाहिलं. मारलं नाही, शिवीसुद्धा दिली नाही. "तिथंच राय," म्हणाले. मग घरच्यांना बादली आणायला सांगितली आणि त्याच्या डोळ्यांसमोर सगळा माग पुन्हा धुवून काढला. फुलं फेकली, नवी आणली, कुंकू नव्यानं लावलं. ते होईपर्यंत पोर टोपली घेऊन तिथंच उभं.

"शिकलो, मास्तर झालो, धम्म घेतला," गुरुजी म्हणाले. "त्याच घरात जाऊन शंभरदा चहा पेलो. श्रावणच्या पोराईले मांडीवर घेऊन बाराखडी शिकवली. मनात काई नवतं. पण त्या दिवशी दारात गेलो, पाटावर पूजा पाहिली, आन् माहे पाय थांबले. बाहीर मी म्हातारा होतो, पण आत कोनी तरी टोपली घेऊन उभं होतं. तोंडातून शब्द नाई निघाला."  पुढचं बोलले तेव्हा आवाज इतका खाली गेला होता की मला पुढं वाकावं लागलं. "तिच्यासाठी बी नाई निघाला हो. ती आत मरून राहिली होती आन् मी परत आलो."

मी खाली बसलो.  तार जोडणं माझं काम, आणि हे तारेच्या बाहेरचं होतं. शेवटी म्हणालो, हे श्रावणजींना कळू द्या, ते आत जळून राहिले आहेत.

"नाई," गुरुजी एकदम म्हणाले. "त्याले नोका सांगू. त्याच्या बापाचं हे त्याले माहीत नाई. बापाले देव मानते तो. आता या वयात त्याचा देव कायले काढून घ्याचा? माहा राग नाई त्याच्यावर. पण ती वायर दिसली का मले तो उंबरठा दिसते. घेऊन जा."

मी गुरुजींच्या बाजूचं टोक मोकळं केलं आणि वायर भिंतीवर गुंडाळून ठेवली. श्रावणजींच्या बाजूनं काढायला गेलो तर ते वायरवर हात ठेवून बसले. "राहू द्या जी इकडून. लागली तं लागन त्याहीले कधी." मी राहू दिली. दोन्हीकडचं मला ठाऊक होतं आणि कोणालाच काही सांगता येत नव्हतं. आमच्या कामात दोष सापडला की अर्धं काम झालं असं आम्ही म्हणतो. इथं दोष सापडला होता आणि काम काहीच होणार नव्हतं.

त्यानंतर संध्याकाळी भिंतीच्या दोन बाजूंना खाटा टाकणं बंद झालं. भांडण नव्हतं. रस्त्यात भेटले तर रामराम, जयभीम व्हायचं. श्रावणजींना वाटत राहिलं की गुरुजींनी मनात राग धरला आहे. गुरुजी तो समज मोडत नव्हते, कारण मोडायचा तर खरं सांगावं लागलं असतं. आता दोघंही नाहीत, आणि तो मागही नाही. म्हणूनच हे लिहायची हिंमत करतो आहे. गुरुजींचा शब्द मी श्रावणजींच्या शेवटापर्यंत पाळला. पाळला ते बरं केलं की वाईट, हे मला आजही ठरवता येत नाही.

एक दिवस सांगायचा राहिला. पुढच्या वर्षीची खंडेनवमी. श्रावणजींनी सकाळीच फोन करून बोलावलं, मशीन एकदा बघून जा म्हणाले. मी गेलो. माग धुतलेला, गप्प. पाटावर धोटा, हळदकुंकू, झेंडू. शेजारी लॅपटॉप, पण या वेळी झाकण उघडं. पडदा लखलखत होता, आणि फुलं वैशालीनं कडेकडेनं, बटणांना लागणार नाहीत अशी ठेवली होती. केबल तशीच खिडकीतून बाहेर गेलेली.

"सगळ्याले आराम देला," श्रावणजी म्हणाले, "यालेच नाई देला. पाहा बरं जी, आपल्याकडून बंद नाई ना?"

मी वाकून पाहिलं. केबल जिथं आत जाते तिथं एक बारीक हिरवा दिवा असतो. दुसऱ्या टोकाला कोणी असेल तरच तो लागतो. तो विझलेला होता. केबलचं दुसरं टोक वर्षभर भिंतीवर गुंडाळून ऊनपाऊस खात पडलं होतं, आणि गुंडाळणारा मीच. म्हातारा माझ्या तोंडाकडे बघत होता.

"तुमच्याकडून चालू आहे, श्रावणजी," मी म्हणालो.

तेवढ्यात भिंतीपलीकडे गुरुजी खोकले. आम्ही दोघांनीही तिकडं पाहिलं. मी म्हणालो, "आता तुम्हीच एक हाक मारून पाहा."

श्रावणजी उठले. भिंतीपाशी जाऊन उभे राहिले, एक हात भिंतीवर टेकवला.  मग हात काढून परत आले आणि पाटासमोर बसले.

"आज नाई जी," ते म्हणाले. "आजच्या दिवशी कोनत्या तोंडानं मारू?"

मी पिशवी उचलली आणि निघालो. दारात चपला घालताना खाली पाहिलं. साधा सागवानी उंबरठा, हळदीची बोटं ओढलेला, माझ्या घोट्याइतकाही उंच नाही. मी पाय उचलला आणि पलीकडे टाकला. मला काहीच लागलं नाही.